ताईचा जबडा

धाकटीनं पातेल्यातल्या कढत पाण्यात टॉवेल बुडवला, पिळला, मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहिला आणि नीट चटका बसल्याची खात्री करून ताईच्या दोन्ही गालांवर दाबून धरला.

"भाजतंय," टॉवेलाच्या आतून ताई म्हणाली.

"भाजायलाच हवं. कोमट पाण्यानं स्नायू सैल होत नाहीत. आणि बोलू नकोस. बोललीस की पंधरा मिनिटं पुन्हा पहिल्यापासून."

यातलं पुन्हा पहिल्यापासूनचं तिनं पदरचं घातलं होतं. डॉक्टरांच्या छापील कागदावर नुसतं 'सोसवेल इतपत गरम शेक, पंधरा मिनिटे' असं होतं. पण तो कागद धाकटीच्या ताब्यात होता, आणि ताईचा चष्मा टॉवेल लावण्यापूर्वी काढून ठेवावा लागे.

ताई झोपेत दात खायची. धाकटीकडे राहायला आली त्या पहिल्याच आठवड्यात भिंतीपलीकडून पाट्यावर वाळू वाटावी तसा आवाज ऐकू येऊ लागला. सहासष्ट वर्षांची निवृत्त मुख्याध्यापिका, गुडघा बदलल्यामुळे तीन जिने चढवत नाहीत म्हणून धाकट्या बहिणीच्या तळमजल्यावरच्या तीन खोल्यांत आलेली. धाकटीचा नवरा जाऊन चार वर्षं झाली होती, मुलगी लग्न होऊन लांब गेली होती. जागा होती. नाही म्हणायला कारण नव्हतं, म्हणजे सांगता येण्यासारखं नव्हतं. मग एके सकाळी भाजलेला पाव खाताना ताईच्या दाढेचा उभा कपचा निघाला, आणि ती तो तळहातावर घेऊन स्वयंपाकघरात आली. शाळेत एखादीच्या दप्तरात सापडलेली वस्तू दाखवावी तशी तिनं तो दाखवला.

धाकटी एकतीस वर्षं एका दातांच्या दवाखान्यात मदतनीस होती. आधी म्हाताऱ्या डॉक्टरांच्या हाताखाली, ते गेल्यावर त्यांच्या मुलाच्या. अवजारं उकळायची, सिमेंट कालवायचं, रोग्याच्या तोंडातली लाळ ओढणारी नळी धरून उभं राहायचं. तिनं ताईला नेलं. डॉक्टरांनी रात्री दातांवर बसवायची प्लास्टिकची पट्टी करून दिली. ती तोंडात घातली की ताईला उमासे येत. तीन दिवस तिनं प्रयत्न केला आणि चौथ्या दिवशी पट्टी बेसिनमध्ये फेकून दिली.

"मग घरगुती उपायच करू," डॉक्टर म्हणाले. "शेक, मालीश, सवयी बदलायच्या. याला चिकाटी लागते. पण मावशी, तुम्ही आहात म्हटल्यावर मला काळजी नाही. सहा आठवडे अगदी नेटानं करून घ्या."

"नेटानंच करीन," धाकटी म्हणाली, आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदा तिला आपल्या नोकरीचा मनापासून आनंद झाला.

कारण धाकटीला दवाखान्यातल्या त्या खुर्चीशेजारी नळी धरून उभं राहायचं नव्हतं. तिला त्या खुर्चीपाशी बसायचं होतं, हातात आरसा घेऊन. दातांची डॉक्टर व्हायचं हे तिनं दहाव्या वर्षीच ठरवलं होतं. वडिलांची कवळी ती चोरून घेऊन बसायची आणि दाढा मोजायची. अठराव्या वर्षी शाळेच्या शेवटच्या परीक्षेला बसली, आणि जीवशास्त्राच्या पेपरला तिच्या वर्गावर देखरेखीला ताई आली. खरं तर सख्ख्या नात्यातल्या माणसाला त्या खोलीवर पाठवत नाहीत, पण एक बाई ऐनवेळी आजारी पडल्या आणि ताई नवी शिक्षिका होती, सत्तावीस वर्षांची, कुणाला नाही म्हणण्याची तिची टाप नव्हती. नक्कल होऊ नये म्हणून त्या शाळेत एका बाकावर शास्त्राची मुलगी आणि मागच्या बाकावर कलेची, वेगळा पेपर लिहिणारी, असं बसवत. धाकटीच्या मागे बसली होती संस्थेच्या अध्यक्षांची भाची.

तासाभरानं ताई धाकटीच्या बाकापाशी थांबली. वाकली. पायाजवळून एक घडी घातलेली चिठ्ठी उचलली, उलगडून पाहिली, आणि भर वर्गात म्हणाली, "उभी राहा."

एवढंच. पुढचं सगळं नियमानं झालं. चिठ्ठी पाकिटात, पाकिटाला लाख, लाखेवर सही. चौकशीला तीन माणसं बसली होती. धाकटीनं रडत रडत म्हटलं होतं, माझी नाही ती, मला दाखवा तरी. त्यावर मधले गृहस्थ म्हणाले होते, पाकीट सीलबंद आहे आणि त्यावर तुझ्या सख्ख्या बहिणीची सही आहे, आता आम्ही काय उघडून बघायचं? दोन वर्षं परीक्षेला बसायची बंदी झाली. दोन वर्षांनी वडील आजारी, मग स्थळ आलं, मग मुलगी झाली. पेपर पुन्हा दिलाच नाही.

ताईचं मात्र नाव झालं. 'सख्ख्या बहिणीलाही सोडलं नाही' हे वाक्य तिच्या आधी शाळेत पोचायचं. त्या वाक्यावर ती कायम झाली, पर्यवेक्षिका झाली, मुख्याध्यापिका झाली. निवृत्तीला तिला चौकटीतलं मानपत्र मिळालं आणि त्यातही ते वाक्य होतं, फक्त जरा अवघड शब्दांत. वडिलांनी घरात त्या दिवसाचा विषय काढायचा नाही असं बजावलं होतं, आणि वडील गेल्यावरही दोघींनी तो काढला नव्हता. पण धाकटीच्या मनात एकच किडा वळवळत राहिला होता. चिठ्ठी मागच्या बाकावरून आली, हे ताईला ठाऊक होतं का? अध्यक्षांच्या भाचीला उभं करायची छाती नव्हती म्हणून तिनं हाताशी असलेली बहीण उभी केली का? धाकटीचा हिशेब पक्का होता. ठाऊक होतं. आणि तेच आता झोपेत दाताखाली येतंय. ताईच्या तोंडून ते काढून घ्यायचं, तिनं स्वतःहून बोलावं इतकं तिला सोलायचं, आणि मग क्षमा करायची नाही, असं तिनं ठरवलं होतं.

तर उपचार सुरू झाला.

दुपारनंतर चहा बंद. हे कागदावर होतं. ताईला सकाळचा चहा प्रिय नव्हता, चारचा होता, त्यामुळे हा नियम धाकटीनं फार प्रेमानं पाळला. कडक काही चावायचं नाही, म्हणजे चणे, शेंगदाणे, पावाच्या कडा सगळं गेलं. भोपळ्याच्या बिया खाव्यात, त्यानं स्नायूंना आराम पडतो, असं लिहिलं होतं. धाकटी त्या भाजून, कुटून, बेचव भुकटी करून दुधातून द्यायची. झोपण्यापूर्वी तासभर टीव्ही नाही. सात वाजता दिवा मंद करून खोल श्वास. चार मोजत आत, सहा मोजत बाहेर. मोजायची धाकटी, आणि सहा जरा लांबवायची.

मग लाल पेन. ताई रोज सकाळी वर्तमानपत्रातल्या चुका लाल पेनानं दुरुस्त करायची. ऱ्हस्व-दीर्घ, स्वल्पविराम, संपादकांच्या अग्रलेखातली लांबलचक वाक्यं. दुरुस्त करून झाली की ती वर्तमानपत्र घडी करून रद्दीत ठेवायची आणि तिचा दिवस सुरू व्हायचा.

"हे बंद," धाकटी म्हणाली आणि पेन उचललं.

"हे कुठे लिहिलंय?"

"'एकाग्रतेने बारीक काम करताना जबडा आवळला जातो, अशी कामे टाळावीत.' पाचवा मुद्दा. वाचून दाखवू?"

ताईनं हात पुढे केला होता तो मागे घेतला. आयुष्यभर नियमावर जगलेली बाई, छापील कागदापुढे तिचं काही चालेना. धाकटीनं पेन घरातल्या देवासारखं उंच फळीवर नेऊन ठेवलं, गुडघा बदललेल्या माणसाचा हात पोचणार नाही अशा जागी.

पण खरी मजा टिकल्यांची होती. दवाखान्यात उकळलेल्या अवजारांच्या पाकिटावर लावायला टिकलीएवढे लाल गोल कागद असत, मागे गोंद असलेले. दिवसा दातांवर दात दाबून बसायची ज्यांना सवय असते, त्यांच्या घरात असे ठिपके चिकटवायचे. ठिपका दिसला की थांबायचं, जबडा सैल सोडायचा, तोंड जरासं उघडं टाकायचं, खालचा जबडा लोंबू द्यायचा. मग ओठ मिटायचे, पण दात सुटे. धाकटीनं सतरा ठिपके आणले. आरशावर एक, नळावर एक, चहाच्या बंद डब्यावर एक. आणि एक मानपत्राच्या काचेवर, बरोबर 'निःस्पृह' या शब्दावर.

दिवसातून आठ-दहा वेळा ताई मानपत्रासमोरून जायची, थांबायची आणि त्यापुढे उभी राहून आज्ञाधारकपणे आ वासायची. धाकटी स्वयंपाकघराच्या दारातून बघायची. ज्या बाईच्या नुसत्या चपलांच्या आवाजानं चारशे मुली गप्प होत, ती बाई. धाकटीला अशा वेळी दोन घास जास्त जात.

आणि सूड असा उगवत असताना एक घोटाळा झाला. ताई बरी होऊ लागली.

तिसऱ्या आठवड्यात भिंतीपलीकडचा आवाज कमी झाला, चौथ्यात थांबला. ताईच्या गालांवरचे ते चौकोनी फुगवटे ओसरले, डोकेदुखी गेली. ती आठ-आठ तास झोपू लागली. एका सकाळी तर ती न्हाणीघरात गुणगुणत होती, शाळेतली जुनी प्रार्थना. धाकटी गॅसपाशी उभी राहून ऐकत होती. दूध उतू गेलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी ताईचा जबडा दोन्ही बाजूंनी चाचपला आणि मान डोलावली. "कमाल आहे, मावशी. पट्टीनं झालं नसतं ते तुमच्या हातानं झालं." मग धाकटीकडे नीट पाहत म्हणाले, "तुम्ही जरा आ करा बघू."

"मी कशाला?"

"करा तर."

त्यांनी आरसा फिरवला. "डावा सुळा टोकाला घासलाय. ताजं आहे हे. मावशी, तुम्हीही झोपेत दात खाताय."

ताई खुर्चीतून बघत होती. "तिला पण ते ठिपके लावायला सांगा," ती म्हणाली. चेष्टेनं नाही, खरोखरच काळजीनं. धाकटीनं नळी इतक्या जोरात आकड्याला अडकवली की डॉक्टरांनी वळून पाहिलं.

सहावा आठवडा संपत आला होता. रविवारी दुपारी धाकटीनं खुर्ची खिडकीपाशी ओढली, ताईला बसवलं आणि तेलाची वाटी घेऊन मागे उभी राहिली. मालिशीची पद्धत तिला आता डोळे मिटून येत होती. कानाच्या पाळीपासून दोन बोटं पुढे, चावायचा स्नायू असतो तिथे, तीन-तीन बोटं टेकवून गोल फिरवायचं. माणूस दात आवळतो तेव्हा तो स्नायू बोटांखाली उसळून येतो, कितीही लपवा. तोंड खोटं बोललं तरी तो बोलत नाही. धाकटीनं यासाठीच हा दिवस ठेवला होता.

"ताई," ती म्हणाली, "जीवशास्त्राचा पेपर आठवतो?"

बोटं तिनं थांबवली आणि वाट पाहिली. स्नायू हलला नाही. कणभरही नाही. लोण्यासारखा मऊ होता.

"आठवतो तर," ताई म्हणाली. डोळे तिनं मिटलेलेच होते. "बरं झालं तू काढलास विषय. मी वाटच बघत होते."

"कशाची?"

"चिमे, एकोणचाळीस वर्षं वाट बघतेय मी. कधीतरी एकदा येशील आणि म्हणशील, ताई, चुकलं माझं. बाकी मला काही नको होतं गं. त्या दिवशी तुला उभं तर केलं मी. घरी येऊन मी ओकले होते, ठाऊक आहे तुला? नाही, कुठून असणार. तू बोलणंच टाकलंस. जिनं नक्कल केली ती रुसली, आणि जिनं धरलं ती मनात कुढत बसली. याचा राग होता मला तुझ्यावर. डॉक्टर म्हणाले ना, मनात काही धरून ठेवलं असेल तर सोडा. मी तेच सोडलं. तू इतकं केलंस माझ्यासाठी या सहा आठवड्यांत, तेव्हा म्हटलं, हीच हिची माफी. तोंडानं नाही तर हातानं मागतेय. दिली मी. त्या दिवसापासून झोप लागायला लागली बघ."

धाकटीची बोटं जिथल्या तिथे राहिली. तिच्या स्वतःच्या कानाखाली काहीतरी करकरलं. खिडकीबाहेर शेजारीण दोरीवर चादर टाकत होती, चादर सारखी घसरत होती, आणि ती पुन्हा पुन्हा ती नीट करत होती.

ताईला ठाऊक नव्हतं. भीती नाही, लबाडी नाही, काही नाही. तिनं खरंच धरलं होतं आपल्याला, मनापासून. सोलायला गेलो तर आत काहीच निघालं नाही, उलट क्षमा आपल्यालाच मिळाली. धाकटीला इतका संताप आला की तिला ते तेलाचं भांडं ताईच्या पांढऱ्या, नीट विंचरलेल्या केसांवर पालथं घालावंसं वाटलं. पण त्या संतापाच्याही खाली एक जुनी, साधी गोष्ट होती. ती विचारायची राहून गेली होती, कारण विचारायला कधी कुणी समोर नव्हतं.

"मला ती चिठ्ठी कुणी दाखवलीच नाही," ती म्हणाली. आवाज सपाट होता. "काय लिहिलं होतं त्यात?"

"आता हे मला विचारतेस?"

"सांग ना. तू उलगडून पाहिली होतीस. तुझ्या लक्षात सगळं राहतं."

ते खरंच होतं. ताईला एकदा वाचलेलं जन्मभर आठवायचं, आणि कुणी त्याचं नाव काढलं की ती आजही खुर्चीत जरा ताठ बसायची. आताही बसली.

"राहणारच. घडीचा आखीव कागद होता, चौथाई. निळी शाई, अक्षर तिरकं. तू घाईत लिहिलं असशील, नाहीतर तुझं अक्षर चांगलं होतं. वर आकडा, बारा. त्याखाली अधोरेखित, 'कारणे, सहा.'" ती वर्गात सांगावं तसं संथ, स्पष्ट सांगू लागली. "एक, कोळसा व लोखंड यांचे साठे जवळजवळ. दोन, वाफेच्या यंत्राचा शोध. तीन, शेतीतील सुधारणा, त्यामुळे खेड्यांतील मजूर शहरांकडे. चार, वसाहतींतून कच्चा माल व..."

ती थांबली.

धाकटीच्या डोळ्यांसमोर त्या दिवशीची तिची स्वतःची उत्तरपत्रिका होती. दाताचा उभा छेद, बाण काढून नावं दिलेला. तेवढा एकच प्रश्न तिचा लिहून झाला होता. बोलायची गरज नव्हती. तिच्या सहा बोटांखाली, आधी डावीकडे आणि मग उजवीकडे, तो स्नायू हळूहळू वर येत होता. येता येता टणक झाला. आतून, अगदी बारीक, दातावर दात सरकल्याचा आवाज आला.

ताईनं डोळे उघडले होते. ती समोरच्या भिंतीकडे बघत होती आणि तिचे ओठ काहीतरी जुळवत असल्यासारखे हलत होते. वळून मागे बघायला ती धजत नव्हती.

धाकटीनं बोटं काढली नाहीत. तिनं आणखी थोडं तेल घेतलं आणि पुन्हा गोल फिरवायला सुरुवात केली, सावकाश, कागदावर सांगितलं होतं तशी.

"चारच झाली, ताई," ती म्हणाली. "सहा म्हणाली होतीस. पुढची दोन सांग."